आमच्या युनियनचा पहिला अध्यक्ष

क्रेनच्या वायर रोपच्या तारा तुटून बाहेर आल्या होत्या, म्हणून माझ्या मित्रानं माल उचलायला नकार दिला. ठेकेदारानं त्याचा गेट पास बंद केला. आम्ही भिलाईतल्या एका रोलिंग मिलमधले ठेक्याचे कामगार. आमचं एक मंडळ होतं. गणपती बसवायचा, कुणाच्या गावी कोणी वारलं तर भंडारा-गोंदियापर्यंत गाडी करून द्यायची, एवढाच त्याचा पराक्रम. त्या मंडळाच्या नावानं आम्ही लेबर ऑफिसात गेलो. बाबू म्हणाला, "मंडल से गणेशजी की बात करो. नौकरी की बात करनी है तो यूनियन रजिस्टर कराओ."

मित्राची सारी आशा त्या रजिस्ट्रेशनवर येऊन बसली, आणि रजिस्ट्रेशन माझ्यावर, कारण मी बी.ए. इथंच त्याचं नशीब फुटलं.

निदान सात जणांच्या सह्यांचा अर्ज हवा, मिलमधल्या दर दहांमागे एक तरी माणूस सोबत हवा, वर नियमावली आणि पदाधिकारी. मी कुरुद वस्तीतल्या माझ्या घरी बसून नियमावली लिहिली. 'उद्दिष्टे' लिहिताना तर मला स्वतःचाच आदर वाटायला लागला. पदाधिकारी मात्र मंडळाचेच ठेवले. आणि मंडळाचा अध्यक्ष दरवर्षी ठेकेदार असायचा. मांडव त्याचा, लाउडस्पीकर त्याचा, म्हणून पहिली आरतीही त्याचीच.

बैठकीत एकजण म्हणाला, "मोठा माणूस असला का वजन पडते."

दुसरा म्हणाला, "काढलं त त्याले राग येईन ना."

सगळ्यांना पटलं. मला तर फारच पटलं. पहिली सही अध्यक्षाची, या रीतीप्रमाणे मी अर्ज आणि पेढे घेऊन त्याच्या केबिनमध्ये शिरलो.

त्यानं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "महाराज, ये यूनियन किसके खिलाफ है?"

मी अदबीनं म्हणालो, "आपके, साहब."

त्यानं पेढा खाल्ला आणि अर्ज ठेवून घेतला. मग अर्जात नावं असलेल्या एकेकाला आत बोलावलं. हुडको कॉलनीतल्या टपरीवर माझ्यासोबत चहा पिणारी माणसं मला पाहून सायकली वळवू लागली.

मी मित्राकडे गेलो. तो म्हणाला, "काय बे, तू त्यालेच नेऊन देल्लं?"

"अध्यक्ष होता ना."

"मंग ओवाळून बी याचं होतं!"

आम्ही दोघं हसलो. त्याची बायको हसली नाही. "भाऊजी, ह्यायचा पास कधी सुरू होईन?"

दुसरा अर्ज जमवताना मला दारोदार हिंडावं लागलं. काही जण दार उघडत, पण आत या म्हणत नसत. नवी माणसं मिळाली, आणि दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून अध्यक्ष मीच झालो. रायपूरच्या रजिस्ट्रार ऑफिसातून त्रुटी निघाल्या. निधी कशावर खर्च होईल ते मी लिहिलंच नव्हतं, उद्दिष्टांत गुंतलो होतो ना. पुन्हा बैठक झाली, पुन्हा कागद गेले. तेवढ्या काळात मित्राची मुलगी शाळेतून घरी बसली, आणि मला न सांगता त्यानं 'स्वखुशीनं काम सोडलं' असं लिहून देऊन ठेकेदाराकडून हिशोबाचे पैसे घेतले.

मग प्रमाणपत्र आलं. मी धावतच लेबर ऑफिसात गेलो. बाबूनं ते पाहिलं, ठेकेदारानं पाठवलेलं मित्राचं लिहून दिलेलंही पाहिलं. "यूनियन तो बन गई, भैया. पर ये आदमी अब वहाँ का कर्मचारी कहाँ है?"

प्रमाणपत्र घेऊन मित्राकडे गेलो. त्यानं हात पुसून ते धरलं, सावकाश वाचलं.

"चांगलं झालं," तो म्हणाला. "मले आता मेंबर होता येईन काय?"

मिलमध्ये कामावर असलेलाच सदस्य, असा नियम मीच लिहिला होता. मी नाही म्हणालो.

त्याची बायको चहा ठेवायला उठली.

"राहू दे," तो तिला म्हणाला, "भाऊले ड्युटीवर जाचं असन."