शंभरातले पंच्याऐंशी डाव

चष्मेवाल्याच्या पायांना स्वस्थता कशी ती ठाऊक नव्हती. खुर्चीत बसला की उजवा गुडघा हलायला लागे. बायकोने हात ठेवून तो थांबवला की डावा सुरू होई. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे काम तो बावीस वर्षं करत होता. तिथेही यंत्राखाली पायांचा हा उद्योग चालूच असे. हात मात्र कमालीचे स्थिर. काच एकदा जास्त घासली गेली की फुकट गेली, म्हणून तो तीनदा मापी आणि चौथ्यांदा शंका काढी. मालक त्याच्यावर खूश होता. गिऱ्हाइकं तेवढी खूश नव्हती, कारण आज कबूल केलेला चष्मा परवा मिळायचा.

असा माणूस पत्त्यांच्या नादी लागेल असं कुणालाही वाटलं नसतं. लावला तो मेहुण्याने. मोबाइलवरच्या पोकरच्या स्पर्धा, दीड-दोनशे माणसं कुठून कुठून येऊन बसलेली, आणि प्रवेश दोन कप चहाच्या पैशांत. सुरुवातीला चष्मेवाला दुर्री-सत्ती आली तरी खेळायचा, कारण नुसतं बसून राहणं त्याला जमायचं नाही. पंधरा मिनिटांत गाशा गुंडाळून बाहेर. शेवटी मेहुण्याला दया आली.

"भावोजी, शंभरातले पंच्याऐंशी डाव टाकून द्यायचे," त्याने सांगितलं. "जोडी आली किंवा दोन मोठी पानं आली तरच हात घालायचा. बाकीचे एकमेकांना खातील. तुम्ही बघत बसा."

चष्मेवाल्याने कुठली पानं खेळायची त्याची यादी पुठ्ठ्यावर लिहून काढली आणि खरंच दोन-दोन तास टिकू लागला. पत्ते टाकून देण्यात त्याला विलक्षण सुटका वाटायची. निर्णय झाला, आणि बिघडलं तर काहीच नाही. पुढेपुढे तो आपली पाळी यायच्या आधीच पडद्यावर 'टाका' या चौकोनात खूण करून ठेवी आणि उठे. खिडकीतून डोकावून येई, नळ नीट बंद आहे का पाही, पुन्हा बसे. मेहुण्याने शिकवणीचा दुसरा भागही सांगितला होता. दर दहा मिनिटांनी सक्तीची बोली वाढते, पाळी आली की ती भरावीच लागते, म्हणून चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, थोड्या उरल्या की बऱ्यापैकी पानांवर सगळं लावून मोकळं व्हायचं, वाट बघत बसलं तर बसल्या जागी संपाल. पण पहिला भाग चष्मेवाल्याला इतका पटला होता की दुसरा त्याने या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिला.

त्याची बायको इस्पितळात नर्स होती. सव्वीस वर्षं पाळ्या करून तिचे घोटे सुजायचे. तीन आठवड्यांपूर्वी तिला पत्र आलं: सहा तासांवरच्या एका गावात नवं इस्पितळ निघालंय, तिथे हेड नर्स म्हणून निवड झाली आहे. त्या दिवशी ती दारातच चप्पल न काढता पत्र वाचत उभी राहिली होती. जायचं तर तिचं नक्की होतं, तिने ते लपवलंही नाही. प्रश्न त्याचा होता. तो येणार की इथेच राहणार, एवढंच तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

तो म्हणाला, बघू. दुसऱ्या आठवड्यातही बघू. खरं तर त्याला जायचं होतं. ती नसलेल्या या दोन खोल्यांची त्याला कल्पनाही करवत नसे. पण पन्नाशीला आलेल्या माणसाने बावीस वर्षांची नोकरी सोडायची, ती कशाच्या जोरावर? मेहुण्याने त्या गावात चौकशी करून एका चष्म्याच्या दुकानाचा नंबर आणून दिला होता, त्यांना काचा बसवणारा माणूस हवा होता. चष्मेवाल्याने फोन केला नाही. दुकान लहान वाटलं. थांबलो तर मोठं मिळेल, असं त्याने मनाशी धरलं.

नव्या इस्पितळाचा फॉर्म रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायचा होता. त्यात शेवटचा रकाना राहण्याच्या जागेचा: एकट्यासाठी एक खोली, की कुटुंबासाठी दोन? एकदा भरलं की वर्षभर बदल नाही.

रविवारी दोन वाजता स्पर्धा सुरू झाली आणि चष्मेवाला मोबाइल घेऊन बसला. का बसला, ते त्यालाच विचारायला हवं. आगीतून उठून माणूस फुफाट्यात जाऊन बसतो, तसाच बसला. साडेचारला तीस जण उरले होते. बक्षीस सत्तावीस जणांना. त्याच्याजवळच्या चिप्स जेमतेम पाच बोल्यांपुरत्या. दोन्ही गुडघे एकदम हलत होते.

बायको फॉर्म उघडलेला फोन घेऊन शेजारी आली. तो म्हणाला, दहाच मिनिटं. ती खुर्ची ओढून बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचा खेळ बघू लागली. त्याने एक डाव टाकला. दुसरा टाकला. तिसऱ्याला राजा-गुलाम आले, तेही टाकले.

"हे वाईट होते का?" तिने विचारलं.

"वाईट नव्हते. पण याहून चांगले येतील."

"आणि नाही आले तर?"

त्याने तिला सक्तीची बोली समजावून सांगितली, कुणाच्या किती चिप्स आहेत ते दाखवलं, उरलेले लोक कसे उतावीळ आहेत तेही सांगितलं. ती शहाण्या विद्यार्थिनीसारखी ऐकत राहिली.

"पण तुम्ही तर खेळतच नाही आहात," ती म्हणाली.

तो हसला, पण ते त्याला लागलं. पुढच्या डावाला सत्तीची जोडी आली. यादीत जोडी होती. त्याचा अंगठा बटणावर गेला, आणि त्याने जोडीही टाकली. तेवढ्यात दुसऱ्या टेबलावर तिघं एकदम बाहेर पडले आणि चष्मेवाला सत्ताविसावा ठरून बक्षिसात बसला. पुढच्याच डावाला वाढलेली सक्तीची बोली भरण्यातच त्याच्या चिप्स संपल्या आणि तो बाहेर पडला. बक्षीस चार कप चहाचं. पाचला दहा मिनिटं कमी होती.

"मिळालं," तो म्हणाला. आता त्याला खरंच हलकं वाटत होतं.

तिने आपला फोन त्याच्या हातात दिला. "हे तुम्ही भरा. एक की दोन, तुम्हीच दाबा. मी दाबणार नाही."

त्याने फोन दोन्ही हातांत धरला. दोन दाबायचं, हे त्याला माहीत होतं. पण दाबण्याआधी एकदा नियम वाचावेत म्हणून त्याने फॉर्म वर सरकवला. भाडं पगारातून किती कापणार? मध्येच जागा सोडली तर? दोन खोल्या म्हणजे स्वयंपाकघर धरून की सोडून? हे त्याने तिला विचारलंही. तिला माहीत नव्हतं. तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागला. शंका आली की काच पुन्हा मापायची, ही बावीस वर्षांची सवय. त्यात वाईट हेतू तिळभर नव्हता.

दोन मिनिटं उरली तेव्हा तिने फोन त्याच्या हातातून हळूच काढून घेतला. एक खोलीवर बोट ठेवलं आणि फॉर्म पाठवून दिला.

"अगं, मी हो म्हणणारच होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सहन होईना. "तुम्ही नेहमी म्हणणारच असता."

ती आत गेली. माळ्यावरच्या बॅगा काढायला स्टुलावर चढू लागली, तसा धावत जाऊन तो स्वतःच त्यावर चढला. वर हात घालून त्याने दोघांची मोठी बॅग पुढे ओढली.

"ती राहू दे," ती म्हणाली. "मागची छोटी द्या."