अकरा यंत्रे आणि मावशींचे भिंग

पडदेमास्तरांशी माझी ओळख प्रौढ साक्षरता वर्गात झाली. त्या वेळी माझे वय सदुसष्ट होते आणि स्वतःचे नाव लिहिण्यास मला अर्धी पाटी लागत असे. वर्ग वाचनालयाच्या मागील खोलीत भरे. तेथे देणगीत मिळालेले आठ जुने संगणक होते. ते चालते ठेवण्याचे काम मास्तर विनामूल्य करीत. दिवसा ते एका दुरुस्तीच्या दुकानात काउंटरमागे बसत. ते आमचे शिक्षक नव्हते. शिकवणाऱ्या बाई निराळ्या होत्या. परंतु पडद्याविषयी ते इतके बोलत की वर्गाने त्यांना ही पदवी बहाल केली. ती त्यांना आवडली, कारण तिच्यातील चेष्टा त्यांच्या लक्षात आली नाही.

मास्तरांच्या आयुष्यातील मुख्य घटना म्हणजे एक भांडण होय. संगणक आत जे काही तयार करतो, ते पडद्यावर आणून मांडणारा एक स्वतंत्र प्रोग्राम असतो. खानावळीत स्वयंपाक एक जण करतो आणि ताट आणून ठेवणारा वाढपी वेगळा असतो, तसे समजावे. आमच्या संगणकांवरील वाढपी कोणा कंपनीचा नव्हता. जगभरातील माणसे असे प्रोग्राम फुकट लिहितात, फुकट वाटतात आणि फुकट भांडतात. तिसऱ्या कामास त्यांचा वेळ सर्वाधिक जातो, असे माझे निरीक्षण आहे.

वाढपी दोन होते. जुना फार वर्षे चाकरी केलेला. त्याच्या राज्यात कोणीही कोणाच्याही ताटात डोकवावे. नवा शिस्तीचा, तो कोणाला शेजारच्या ताटाकडे पाहू देत नसे. मास्तर नव्याच्या पक्षात होते. नव्या प्रकल्पाकडे येणाऱ्या तक्रारी वाचून त्या मार्गी लावण्याचे बिनपगारी पद त्यांच्याकडे होते. त्याचा उल्लेख ते एखाद्या सरकारी हुद्द्यासारखा करीत.

माझा व्यवसाय इस्त्रीचा. मास्तरांच्या पत्नी रुग्णालयात परिचारिका असल्याने त्यांचे गणवेश पोहोचवण्यास मी घरी जात असे. पुढच्या खोलीत तीन संगणक, आणि मध्यभागी मास्तर टंकत बसलेले.

"एवढं काय लिहिताहेत?" मी एकदा विचारले.

"उत्तर," पत्नी म्हणाल्या. "कोणीतरी ह्यांना अडाणी म्हटलंय. आपण अडाणी कसे नाही, हे त्याला दहा मुद्द्यांत समजावताहेत."

"नऊ," मास्तर मान वर न करता म्हणाले.

"आमचा नळ महिनाभर गळतोय, काका. त्याचा मुद्दा एकच आहे, म्हणून मागे पडलाय बिचारा."

पुढे जुन्या पक्षातील एका गृहस्थाने मास्तरांना सर्वांदेखत विचारले की, आपण नव्याचे इतके गुण गाता, तर स्वतः किती यंत्रांवर तो चालवता? मास्तरांकडे तीन यंत्रे होती. तीन हा आकडा त्यांना लाजिरवाणा वाटला. त्याच संध्याकाळी ते वर्गात आले, आठही संगणकांवरील जुना काढून त्यांनी नवा बसवला, आणि घरी जाऊन उत्तर लिहिले, "अकरा."

आमच्या परीक्षेस तेव्हा बारा दिवस उरले होते. परीक्षा पडद्यावर वाचण्याची होती. जो नापास होईल त्याची जागा प्रतीक्षा यादीतील पुढच्या माणसास मिळणार होती, आणि यादी दोन वर्षांची होती. माझ्या शेजारी बसणाऱ्या मावशी बहात्तर वर्षांच्या. चाळीस वर्षे काज-बटणे करून त्यांची नजर इतकी गेली होती की माझ्यासारखे त्यांचे नुसत्या चष्म्यावर भागत नसे. अक्षर तळहाताएवढे करून दाखवणारा भिंग नावाचा एक प्रोग्राम होता, त्याच्या आधारे त्या वाचत. दुसऱ्या दिवशी भिंग उघडेना.

"मास्तर, माझं भिंग कुठे गेलं?"

"मावशी, आता नवीन पद्धत आहे. भिंगाला सगळा पडदा बघावा लागतो. नव्यात असं कोणालाही बघू देत नाहीत. तुमच्या पडद्यावरचं कोणी चोरून वाचू नये म्हणून."

"वाचू दे की. वाचून झालं की काय लिहिलंय ते मला सांगेल तरी."

"तसं नाही. भिंगात बदल करावा लागेल. पण ते काम आमचं नाही, भिंगवाल्यांचं आहे."

"ते कुठे बसतात? मी जाऊन येते."

भिंगवाल्यांचे म्हणणे असे की ते काम पडदेवाल्यांचे. बाईंनी सरळ विचारले की, पूर्वीचे होते ते परत का घालत नाही? मास्तर म्हणाले, "ते मागे जाणं होईल." बाई म्हणाल्या, "मावशी वर्गाबाहेर जातील, ते काय पुढे जाणं होईल का?" मास्तरांनी विषय तत्त्वाचा असल्याचे सांगितले. तत्त्व आले की त्या खोलीतील माणसे अदृश्य होत.

त्यांच्यात रीत अशी होती की लेखी तक्रारीवाचून दुखणे खरे मानायचे नाही. तक्रारीचे तीन मथळेही ठरलेले. म्हणून मी आणि मावशींनी मिळून ती दोन संध्याकाळी खपून लिहिली. काय केले: भिंग उघडले. काय व्हायला हवे होते: अक्षर मोठे. काय झाले: काही नाही. आमच्या दोघांच्याही आयुष्यातील तो पहिला अर्ज. मास्तरांनी तो टंकून प्रकल्पाकडे पाठवला. तेथे तक्रारी पाहण्याचे पद त्यांचेच असल्यामुळे तो फिरून त्यांच्याच पुढ्यात आला. त्यांनी जुने दप्तर तपासले, तीच तक्रार कोणीतरी पूर्वी केलेली आढळली, आणि नियमानुसार त्यांनी आमची बंद केली. स्वतः पाठवलेला अर्ज स्वतःच फेटाळणारा मनुष्य मी प्रथमच पाहत होतो. मात्र ते प्रामाणिक होते. त्यांनी येऊन सांगितले.

"बंद झाली म्हणजे काम झालं?" मावशींनी विचारले.

"नाही. आधीच एकाने केली होती. चार वर्षांपूर्वी."

"त्याचं काम झालं?"

"नाही."

"मग चार वर्षं तो वाचतो कशाने?"

मास्तर तडक घरी गेले.

त्या रात्री त्यांनी मावशींची हकीकत उघड चर्चेत मांडली. जुन्या पक्षाने मावशींचा झेंडा केला. नव्या पक्षातील एकाने त्या अस्तित्वात असल्याचा पुरावा मागितला. दुसऱ्याने मोठा पडदा विकत घेण्याचा सल्ला दिला. तिसऱ्याने मास्तरांना जुन्याचा हेर ठरवले. सहा दिवसांत नव्वदांवर पत्रे आली, असे मास्तर सांगत. अक्षर किती मोठे हवे, हे एकानेही विचारले नाही.

परीक्षेच्या दोन दिवस आधी मास्तर दुपारीच वर्गात आले आणि मावशींच्या संगणकावर त्यांनी जुना परत बसवला. कामास पाव तास लागला. तो पाव तास काढण्यास दहा दिवस लागले होते. भिंग उघडले, मावशींनी पाटीवरच्यासारखे बोट पडद्यावर ठेवून पहिली ओळ वाचली, आणि मास्तर घरी गेले. चर्चेत त्यांनी एकच शब्द लिहिला, "दहा." जुन्यांनी जल्लोष केला. नव्यांनी त्यांचे पद काढून घेतले.

मावशी परीक्षा उत्तीर्ण झाल्या.

मास्तरांनी पक्ष बदलला, असे कोणी समजू नये. नवाच चांगला, असे ते आजही म्हणतात, आणि मला ते पटतेही. पुढे मी गणवेश घेऊन गेलो तेव्हा ते कोणास उत्तर लिहीत नव्हते. नव्या वाढप्यासाठी ते स्वतः भिंग तयार करीत होते. मला पाहून त्यांनी खुर्ची वळवली.

"काका, एक काम होतं," ते म्हणाले. "शनिवारी वर्गाला येताना तुमचा चष्मा घरी ठेवून या."