टीचर, तुम्हीच बोला ना!

‘अंगणवाडीत असते’ असं सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, ‘मज्जा आहे बाबा तुमची! दिवसभर पोरांशी खेळायचं.’ अरे, पोरांचं काय घेऊन बसलात! पोरं चार दिवसांत रुळतात. आईबाप रुळायला वर्षं लागतात.

कळव्याला खाडीच्या बाजूला आमची एक खोली. पंचवीस-तीस पोरं, मी, आणि माझी मदतनीस कुंदाताई. ती कोळीवाड्यातली. आधी बाजारात मासळी विकायची, त्यामुळे आवाज खणखणीत आणि माघार घ्यायची सवयच नाही. सतरा वर्षं झाली आम्हाला. सगळे म्हणतात, किस्से लिहून ठेव. ठेवले असते हो, पण एक लिहायला घ्यावा तर तोवर दुसरा दारात उभा असतो, चप्पल काढत!

* * *

दर महिन्याला पोरांची वजनं घ्यावी लागतात. श्लोकची आजी काही केल्या त्याला काट्यावर ठेवू देईना. ‘वजन केलं की नजर लागते.’ पोरगं तर वाळत चाललेलं. मी तक्ता दाखवला, समजावलं, हात जोडले. आजीने पोराला पदराखाली घेतलं ते सोडेचना.

कुंदाताई उठली. काजळाची डबी काढली आणि वजनकाट्याला ठसठशीत तीट लावली. ‘घे गो आजी, काट्याचीच नजर बांधली. आता ठेव त्याला.’

आजीने तीट नीट बघितली आणि श्लोकला काट्यावर ठेवलं. वजन बरंच कमी भरलं. लगेच डॉक्टरांना दाखवलं, खाण्यापिण्याचं बघितलं, तीन-चार महिन्यांत पोरगं बाळसं धरायला लागलं. श्रेय कुणाला मिळालं? आजी आता चाळभर सांगत फिरते, ‘अंगणवाडीचा काटा लय गुणाचा!’

* * *

आर्याचे बाबा विमा एजंट. एकदम टेन्शनमध्ये आलेले. ‘टीचर, चार वर्षांची झाली, तोंडातून शब्द काढत नाही. स्पेशालिस्टला दाखवू का?’

मी आर्याला विचारलं, ‘सकाळी काय खाल्लंस गं?’

‘उपमा,’ बाबा म्हणाले.

‘आवडतो का तुला?’

‘छे! तिला पोळीचा लाडू आवडतो.’

‘घरी कोण कोण आहे?’

‘आम्ही चौघं आणि माझी आई. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन...’

‘दादा,’ मी म्हटलं, ‘आता पाच मिनिटं तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही.’

बिचाऱ्याला घाम फुटला. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. आर्या त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. मग हळूच माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, ‘टीचर, बाबा बिघडले का?’

* * *

पालकसभेला फक्त आया येतात. बापांना विचारलं तर, ‘रविवारी ठेवा, मग बघू.’ म्हणून रविवारी ठेवली. आले किती? शून्य!

कुंदाताई म्हणाली, ‘रविवारी सकाळी बाप लोक कुठं असतात? सलूनला! चल.’

नाक्यावरच्या सलूनमध्ये दोघं खुर्चीत, पाच जण बाकावर. सातपैकी पाच आमचेच पालक! एकाच्या गळ्यात कापड, निम्मं तोंड फेसात. मी तिथेच सुरू केलं. पोरांना मारू नका, ओरडू नका, रोज दहा मिनिटं जवळ घेऊन बोला, मोबाइल लांब ठेवून. कुणी हललं नाही. अर्धी दाढी झालेला माणूस जाणार कुठे?

सलूनवाला तिशीचा, लग्न न झालेला. वस्तरा हातात तसाच धरून सगळं ऐकत होता. आम्ही निघालो तसा दारापर्यंत आला. ‘टीचर, पुढच्या महिन्यात माझा बाप येतोय गावावरून. त्याला पण एकदा सांगाल का हे?’

* * *

सोनलचा नवरा दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेला तो गेलाच. पोरगी शाळेच्या वयाची झाली. एका शाळेतून सोनल दोनदा परत आली. वडिलांची सही नाही, फॉर्म घेणार नाही. तिसऱ्यांदा आम्ही दोघी सोबत गेलो. शाळेचं नाव नको.

क्लार्कने मान वर न करता सांगितलं, ‘वडिलांना घेऊन या.’

कुंदाताई म्हणाली, ‘तुम्हीच आणा! आम्ही दोन वर्षं शोधतोय. सापडला तर आधी आमच्याकडं पाठवा!’

मी तिला मागे ओढलं आणि शांतपणे म्हटलं, ‘साहेब, आईची सही चालत नाही, एवढं लिहून द्या. खाली सही, शिक्का.’

क्लार्कने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग फॉर्म सोनलपुढे सरकवला. ‘इथे सही करा, मॅडम.’

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता अॅडमिशनचा आनंद होईल. सोनल रस्त्यातच थांबली. ‘टीचर, मला मॅडम म्हणाला तो!’

* * *

ओंकारची आई चार घरी पोळ्या करते. पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘हा ऐकतच नाही कुणाचं. मारून पण बघितलं.’

आठवडाभर मी बघत होते. ‘मांडी घाला’ म्हटलं की सगळी बसायची. हा आधी आजूबाजूला बघायचा, मग बसायचा. एक दिवस मी त्याच्या मागे उभं राहून थाळी आपटली. सगळी पोरं दचकली. ओंकार चित्र रंगवत राहिला.

आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे मी त्याला उगाच मारलं?’

हॉस्पिटलच्या प्रत्येक खिडकीशी ती मला पुढे करायची, ‘टीचर, तुम्हीच बोला ना.’ मी बोलले. पाच-सहा खेपा झाल्या आणि कानाला मशीन लागलं. अंगणवाडीत आला तशी कुंदाताईने आनंदाने हाक मारली, ‘ओंकाऽऽर!’ पोराने दोन्ही कान घट्ट दाबले. सुरुवात जरा हळू आवाजापासून करायला हवी होती!

महिन्याभराने आई आली, हाश्शहुश्श करत. ‘टीचर, आता सगळं ऐकू येतं त्याला. तरी ऐकत नाही!’

* * *

मागच्या वर्षी आमच्या खोलीचं छत गळायला लागलं. रिपेअरिंगला काढली, तोवर बुद्धविहारवाल्यांनी हॉल दिला. मनापासून दिला, पण तिथे कार्यक्रम असला की आमची पोरं घरी. घरी म्हणजे आईचं काम बुडणार. काही जणी तर पोराला कुलूप लावून जायच्या. माझा जीव टांगणीला लागायचा.

खोली दीड महिन्यात तयार झाली. रंग, फळा, सगळं. पण चावी मिळेना! का? तर उद्घाटन व्हायचंय आणि पाहुण्यांची तारीख मिळत नाही. ज्या ऑफिसातून चावी मिळायची तिथे मी अर्ज दिले, फेऱ्या मारल्या. शेवटी अकरा आयांना घेऊन गेले. पोरं कडेवर, कारण त्या दिवशीही हॉल बंद.

मी बोलायला लागले. साहेब म्हणाले, ‘पुढच्या आठवड्यात या.’

आमच्यात एक रंजना म्हणून आहे. पॅकिंगच्या कामाला जाते. तीन वर्षांत माझ्याशी ‘हो टीचर’ यापलीकडे बोललेली नाही. ती पुढे झाली आणि कडेवरचं पोरगं अलगद साहेबांच्या टेबलावर, फायलींच्या मधोमध बसवलं.

‘साहेब, माझी पाळी दहाची. साडेबाराच्या सुट्टीत घ्यायला येते. डबा पिशवीत आहे. शी लागली की तो सांगतो.’

आणि निघाली! मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

दुसरीने तिची पोरगी खुर्चीत बसवली. तिसरीने जुळी आणलेली.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. एका पोराने शिक्का उचलला, एकीने चहाच्या कपात बोट घातलं. साहेबांनी एका हाताने चहा वाचवला, दुसऱ्या हाताने फोन लावला.

‘अरे, त्या अंगणवाडीची चावी घेऊन ये. आत्ता! ...चालत नको रे, रिक्षा कर!’