खांडबाऱ्याला गेले आणि भाच्याकडून खड्डा मागून घेतला

माझी नात तेजू पहिल्यांदाच एकटी कामाच्या जागेवर निघाली, तर तिच्या आईने सोबतीला मला धाडलं. वाटेत वाघ आला तर दटावायला असेन. मी बोलतेय आणि टाइप तेजू करतेय, तेव्हा तिची स्तुती जास्त वाटली तर ती तिनेच घातलीय असं समजा.

सरकारने देशभर पाण्याची पातळी मोजायचं काम काढलंय. गावोगाव बोअर पाडून त्यात यंत्र सोडतात, आणि खाली पाणी किती उरलं ते यंत्र ऑफिसला कळवतं. हे करताना कुणाचं झाड पडू नये, कुणाचं प्यायचं पाणी नासू नये, एवढं बघायची तेजूची नोकरी.

"म्हणजे सगळ्यांना नाही म्हणायचा पगार घेतेस," मी म्हटलं.

"तुझ्याकडूनच शिकले आजी."

लोणखेड्याहून शहादा, तिथून नंदुरबारची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, माझ्या वयाला फुकट. आधार कार्ड मात्र जवळ ठेवा, कंडक्टरचा माझ्या सुरकुत्यांवर विश्वास बसला नाही. प्रकाशा गावाजवळ पुलावरून तापी दिसली, बसमधूनच महादेवाला हात जोडले. नंदुरबारहून पॅसेंजर गाडी. वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. खांडबाऱ्याला बाजार होता. पुढची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, तेवढ्यात भजी खाऊन होतात.

पाड्यावर पोचलो तर बोअरची गाडी उभीच होती. तिच्या मालकाला, राजूला, मी विचारलं, "कोणता गावना शे रे तू?" निघाला थेट माझ्या माहेरचा. लगेच पाया पडला, फुई म्हणायला लागला. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. स्वतःची खुर्ची दिली, चहा मागवला. मी विरघळले.

तेवढ्यात तेजूचा आवाज आला. "बोअरचा चिखल साठवायला खड्डा कुठंय? त्याच्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही."

राजूला संध्याकाळच्या आत पुढच्या गावी जायचं होतं. "मॅडम, नाला कोरडा आहे. त्यात सोडून देऊ." मग माझ्याकडे वळला, "फुई, तुमनी नातले समजाडा ना. एवढासा गारा, वाही जाई."

आणि मी समजवायला गेलेही. "तेजू, माहेरचा माणूस आहे गं. चिखलच तर आहे."

"आजी, आपण सावलीत बसावं." मला 'आपण' म्हणाली, म्हणजे फार रागावली होती. मशीनसमोरून मात्र हलली नाही. ओढणीचं टोक तेवढं बोटाला गुंडाळत होती. लहानपणी आई ओरडली की असंच करायची.

मी रुसून मोहाच्या झाडाखाली गेले. तिथे पाड्यातली इंदूबाई फुलं वेचत होती. "तहान लागली का आजी?" म्हणाली आणि हंडा घेऊन नाल्यात उतरली. मीही मागोमाग, गुडघ्यांची समजूत घालत. वळणावर वाळूत हातभर खोल झिरा उकरलेला. तळाशी पाणी साचेल तसं ती वाटीने हंड्यात भरत होती.

"उन्हाळ्यात सगळा पाडा हेच पितो," ती म्हणाली.

मी प्यायले. गार पाणी, मातीच्या वासाचं. मग मान वर केली, तर नाला सरळ बोअरच्या गाडीकडूनच उतरत होता. राजूचा गारा वाहून कुठे येणार, ते तिथे उभं राहून दिसलं.

वर आले. "राजू, मी तुन्ही कोण?"

"फुई."

"माहेरना माणूस फुईले रिकामा हाते धाडस का?"

"नही ना फुई. चोळी लेसू तुमले."

"चोळी राहू दे. मले खड्डा खंदी दे."

त्याच्या मशीनवरची पोरं हसायला लागली. राजूने डोकं खाजवलं, तेजूकडे पाहिलं. ती उगीचच आभाळाकडे बघत होती. शेवटी त्याने कुदळ उचलली. इंदूबाईचा नवरा फावडं घेऊन आला. मग मशीन सुरू झालं, आणि करडा चिखल आला तो सगळा खड्ड्यात राहिला.

परतीची गाडी अर्थातच चुकली. मुक्काम इंदूबाईकडे. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकर, उडदाची डाळ. असं जेवण खांडबाऱ्यात कुठे मिळतं विचारू नका, त्यासाठी कुणाच्या तरी घरी जावं लागतं. पैशांचं नाव काढलं तर तिने डोळे वटारले. "पुढच्या वेळी तुमच्याकडचे पापड आणा."

आता तेजूच्या मोबाइलवर त्या बोअरची निळी रेघ येते. खाली गेली की पाणी खाली गेलं, एवढं मला कळतं. झिऱ्याचं त्यात काही येत नाही. त्यासाठी मी इंदूबाईला फोन लावायला लावते. पाणी कसंय विचारलं की म्हणते, "येऊन पिऊन बघा."

राजूने परवा नव्या जागेवरून तेजूला विचारलं, "मॅडम, फुई संगे येई ऱ्हायनी का?" तेजू हो म्हणाली. ती पोचली तेव्हा खड्डा तयार होता. मी त्या दिवशी इथे घरी गच्चीवर इंदूबाईला न्यायचे पापड वाळत घालत होते. आता खोटं बोलायला ती कुणाकडून शिकली, ते काही ती टाइप करायची नाही.