चिंगीचं हसू

माझ्या नणंदेला घरात सगळे रेडिओ म्हणतात, कारण ती सकाळपासून घरच्या ग्रुपवर बातम्या देत असते. कुकरची शिट्टी बदलली. डाव्या पायात गोळा आला. शेजारणीच्या मांजराने पुन्हा माझ्याच चपलेवर ठाण मांडलं. विचारलेलं कुणीच नसतं, पण एक दिवस खंड पडला की आम्हालाच चुकल्यासारखं होतं.

तिचं काम आवाजाचं. कार्टूनच्या सिनेमांतल्या मुलग्यांचे आवाज ती देते. खऱ्या मुलाचा आवाज दोन-चार वर्षांत फुटतो, बाईचा फुटत नाही, म्हणून हे काम बायकांकडे. पन्नाशीला टेकलेली ही बाई वीस वर्षं एका कोंदट खोलीत हेडफोन लावून राक्षस मारते, विमानं उडवते आणि घरी येऊन भांडी घासते. मुलीचं काम तिला एकदाच मिळालं होतं. नायकाची बहीण, जी विहिरीत पडते. संवाद दोन : "दादा" आणि "वाचव".

त्यामुळे गेल्या वर्षी मुलगीच नायिका असलेला सिनेमा मिळाला, तेव्हा तिने ग्रुप डोक्यावर घेतला. नऊ वर्षांची मुलगी कंदील घेऊन एकटी डोंगराच्या पोटात शिरते. माझी चिंगीही नऊचीच. नायिकेचं हसणं काही केल्या जमेना, तेव्हा आत्या तिला स्टुडिओत घेऊन गेली. खूप हसलं की चिंगीला शेवटी उचकी लागते. तेही रेकॉर्ड झालं.

"सिनेमात तूच हसणार आहेस," आत्या म्हणाली. चिंगीने ते वर्गभर सांगितलं आणि बुटांच्या खोक्याचा कंदील करून उशाशी ठेवला.

सिनेमा लागला तेव्हा चिंगी, तिच्या दोन मैत्रिणी, आत्या आणि मी दुपारच्या खेळाला गेलो. रेडिओ कधी नव्हे ती गप्प होती. पडद्यावर कंदील आला. तो एका मुलाच्या हातात होता. तो डोंगरात शिरला, घसरून पडला आणि खदखदून हसला. शेवटी त्याला उचकी लागली.

मैत्रिणी चिंगीकडे बघायला लागल्या. तिने हळूच विचारलं, "आई, तो माझं का हसतोय?"

मध्यंतरात मी नणंदेला जिन्यात गाठलं. "तुला कधी कळलं?"

"मार्चमध्ये. ते म्हणाले, मुलीचा सिनेमा मुलगे बघत नाहीत, मुलाचा मुली बघतातच. चित्रातल्या मुलीची वेणी काढून टाकली. दोन दिवसांत मी सगळे संवाद मुलाचे करून दिले. नाही म्हटलं असतं तर दुसरी कुणी आली असती, वहिनी. हसणं तेवढं बदलावं लागलं नाही."

मार्च ते ऑगस्ट. या पाच महिन्यांत तिने दाढदुखी कळवली, गॅसचा बर्नर कळवला, मांजरीला झालेली चार पिल्लं फोटोसकट कळवली. सिनेमावाल्यांचा मला राग आला, पण ते परके. हिने घरात बसून माझ्या लेकीला तो खोक्याचा कंदील रंगवू दिला. रंगही हिनेच आणून दिले होते.

रविवारी ती आली. चिंगीसमोर बसून तिने मांजरीचा आवाज काढला, जो ऐकून चिंगी नेहमी लोळून हसते. चिंगीच्या ओठांवर हसू आलंच. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने आतून उचकी ऐकू आली. आत्या उठून दाराशी गेली, पण चिंगीने कडी काढली नाही.