मबेल्यातलं बर्फाचं मशीन

मस्कतमध्ये बर्फ पडत नाही. हे मला आधीपासून माहीत होतं, एवढं सुरुवातीलाच सांगून ठेवतो. कारण त्या संक्रांतीनंतर निदान वीस जणांनी मला ते लहान मुलाला समजवावं तसं समजावून सांगितलं.

अंगणात साचलेलं बर्फ हटवायचं ते मशीन माझ्या साडूंचं, अनिलरावांचं. कॅनडातून त्यांची इथे बदली झाली आणि पॅकिंगवाल्यांनी त्यांच्या गॅरेजमधलं हे धूडही कंटेनरमध्ये भरलं. "तुम्ही इंजिनिअर माणूस, काहीतरी कराल," म्हणून ते माझ्या दारात सोडून साडू पसार झाले. पुढे फिरते दाते, ते बर्फ आत ओढणार; वर एक धुराडं, ते बर्फ लांब फेकणार. मी मशीनकडे बघितलं, अंगणाकडे बघितलं आणि अंगात वीजच संचारली! मस्कतच्या मबेला भागातल्या आमच्या घराशेजारी मोकळा प्लॉट. दोन दिवस वारा सुटला की अंगणात घोटाभर वाळू. बर्फ काय नि वाळू काय, ढीग तो ढीगच!

त्यात यंदा मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. सहा वर्षं वाट बघून माझ्या बायकोला, सुनीताला, हा मान मिळाला होता. चाळीस बायका येणार, अंगणात बसणार. आणि नेमका आदल्या दिवशी वारा सुटला.

"अहो, दोन माणसं बोलवा, फावड्याने काढून टाकतील," सुनीता म्हणाली.

"अगं, वीस मिनिटांत अंगण आरशासारखं करून देतो!"

"मला आरसा नकोय हो. मला अंगण हवंय!"

मी तडक वादी कबीरला, रत्नागिरीकडच्या हसनभाईंच्या वर्कशॉपमध्ये. वाळू खालून निसटू नये म्हणून दात्यांमागे जुन्या टायरची रबरी पट्टी. वाळू भिंतीपलीकडे पडावी म्हणून धुराड्याला एसीच्या डक्टचा बारा फुटी लवचीक पाइप.

"साहेब, हा बर्फाचा मशीन हाय ना? मग वाळूत कशाला घालताव?"

"हसनभाई, तुम्ही फक्त क्लॅम्प बसवा."

"बसवतो. पण मी बसवला म्हणून कुणाला सांगू नका हां!"

तिसरा शोध मात्र संपूर्ण माझा. मशीनची एक दांडी सतत दाबून धरावी लागते. सोडली की मशीन बंद. बोटं किती दुखतात! मी ती दांडी लेंग्याच्या नाडीने करकचून बांधून टाकली. (कॅनडावाल्यांनी ती दांडी काही विचार करूनच ठेवली असेल, हा विचार मला शिवलासुद्धा नाही.)

दुसऱ्या दिवशी चार वाजता मशीन सुरू केलं. व्हरांड्यात सुनीताने टेबल मांडलेलं: तिळगूळ, हळदीकुंकू, वाणाच्या वाट्या. आणि काय सांगू! वाळूचा जाड फवारा भिंतीवरून थेट प्लॉटात! "सुनीता, बघ बघ!" मी नाचायचाच बाकी होतो. आणि ती चक्क हसली! "अहो, जमलं की हो!" लग्नाच्या बावीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो.

तेवढ्यात पाइपाचं तोंड भिंतीकडे धरून ठेवणारा क्लॅम्प निसटला. वाळूने भरलेला पाइप अजगरासारखा वळवळायला लागला. मी मशीन सोडून पाइप धरायला धावलो. जगात कुठेही अशा वेळी मशीन थांबलं असतं. आमचं कसं थांबेल? नाडी! ते आपलं आपण पुढे निघालं आणि पाइपाचं तोंड वळलं व्हरांड्याकडे. तिळगुळावर वाळू! कुंकवात वाळू! वाणाच्या वाट्या काठोकाठ! आणि त्याच क्षणी फाटकातून मंडळाच्या अध्यक्ष, गोखलेवहिनी, आत आल्या. त्यांची काळी चंद्रकळा बघता बघता खाकी झाली.

"अहो, बंद करा ते!" सुनीता रडवेली झाली होती. सहा वर्षं थांबली होती हो बिचारी!

तेवढ्यात शेजारी राहणारे आमचे ओमानी घरमालक, ज्यांना सगळे अर्बाब म्हणजे मालक म्हणतात, ते पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा सावरत आले. त्यांनी शांतपणे गाठ सुटते का ते बघितलं आणि नाडी सोडली. मशीन गप्प.

"इंजिनिअर साब, रेत बाहर डालता है कि अंदर?"

मी पाइप गुंडाळायला लागलो. ते सुनीताकडे वळले.

"कितना लेडीज?"

"चालीस," सुनीता डोळे पुसत म्हणाली.

"खलास! सब हमारे घर. यल्ला!"

आणि त्यांनी आपली मजलिस, म्हणजे पाहुण्यांची भली मोठी बैठक, उघडून दिली. कहवा आला, खजूर आले, अर्बाबच्या बायकोने हौसेने गजरा माळला. मंडळात असं हळदीकुंकू कधी झालं नव्हतं म्हणे! मी इकडे फावडं मारत होतो. मधल्या भिंतीपलीकडे, मजलिसीत, बायकांनी सुनीताला उखाण्याचा आग्रह केला.

"मजलिसीत जमली मैत्रिणींची मांदियाळी,
सुधीररावांनी घातली दारी वाळूची रांगोळी!"

चाळीस बायका अशा काही हसल्या की भिंत हलली.

परत आल्यावर सुनीताने व्हरांड्यातलं तिळगुळाचं ताट माझ्यापुढे सरकवलं. "घ्या." मी निमूट एक लाडू तोंडात टाकला. सगळ्या दातांनी एकदम तक्रार केली.

"कसा झालाय?" तिने माझ्याकडे रोखून बघत विचारलं.

"अगं, काय खुसखुशीत झालाय!" मी म्हणालो, आणि दुसरा उचलला.