तळ्याकाठचं इंग्रजी

दासगावहून माल घेऊन महाडला आलो की मी बैलांना चवदार तळ्यावर पाणी पाजायचो. काठावर एक सोवळं नेसलेला गृहस्थ हटकून बसलेला असायचा. कचेरीत नोकरी लागावी म्हणून तो इंग्रजीतलं जर-तर घोकायचा. मान डोलावत आधी इंग्रजी, मग त्याचा अर्थ, तोही साऱ्या तळ्याला ऐकू जाईल असा. त्याचं लाडकं वाक्य एकच, "इफ ऑल मेन वेअर ईक्वल... जर सगळी माणसं समान असती, तर ती एकाच तळ्याचं पाणी प्याली असती!"

माझे बैल इंग्रजी न शिकताच प्यायचे.

पुढे एका मार्चात, ज्यांना तिथं मज्जाव होता ती अस्पृश्य माणसं तळ्यावर आली आणि ओंजळीनं पाणी प्याली. थोड्याच दिवसांत पाहतो तर हाच गृहस्थ शेण-गोमूत्राची घागर ओतून तळं शुद्ध करतोय.

"भाऊसाहेब, ते समान माणसांचं वाक्य आता नाय का म्हणायचं?" मी विचारलं.

"गाढवा, ते परीक्षेत लिहायचं असतं!"

मग डोळे मिटून त्यानं त्याच पाण्याचं आचमन केलं. माझ्या बैलांनी पाणी नुसतं हुंगलं आणि तोंड फिरवलं.